लर्चरचं पिल्लू ससा पकडायला कसं तयार होतं

ही जी काटकुळी, लांब पायांची कुत्री तुम्हाला बांधावर उभी दिसतेय ना, ती लर्चर. लर्चर ही तशी एक ठरलेली जात नाहीये, ब्रिटनच्या केनेल क्लबमधे जात म्हणून तिची नोंदच नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी असा नजरेने हेरून पळणारा कुत्रा एका बाजूला आणि कोली नाहीतर बेडलिंग्टन टेरियर असा कामाचा कुत्रा दुसऱ्या बाजूला, यांची जी पिल्लं होतात ती लर्चर. एकाकडून वेग येतो, दुसऱ्याकडून डोकं आणि चिवटपणा. ज्यांनी लातूरकडचा कारवानी कुत्रा बघितलाय त्यांना ही अंगकाठी लगेच ओळखू येईल, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद आहे, त्यामुळे आज दिसेल ते सगळं इंग्लंडमधलं आहे.

आणि तिथेही मोकळं रान नाहीये. २००४ चा हंटिंग ॲक्ट फेब्रुवारी २००५ मधे लागू झाला, तेव्हापासून कुत्रे सोडून रानटी प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, त्यातून रॅबिट आणि उंदीर तेवढे वगळलेत, तेही जमीनमालकाची परवानगी असेल तरच. रॅबिट म्हणजे बिळात राहणारा छोटा ससा. उघड्या शेतात राहणारा, लांब कानांचा मोठा हेअर वेगळा, त्याच्यामागे कुत्रा सोडला तर सरळ गुन्हा. रॅबिटला सूट का, तर तो कोवळं पीक बुडापासून खातो, आणि १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली आपल्या जमिनीवरचे रॅबिट आटोक्यात ठेवणं ही तिथल्या शेतकऱ्याचीच जबाबदारी आहे. म्हणून बऱ्याचदा शेतकरी स्वतःच फोन करून बोलावतो.

आता ही आपली पोरगी. वय दहा महिने, व्हिपेट आणि बेडलिंग्टनची. हिला पळायला कुणीच शिकवलेलं नाही आणि शिकवायची गरजही नाही, तासाला ५० किलोमीटरच्या वर सहज जाते. शिकवायचं असतं ते थांबणं, ऐकणं आणि परत येणं, आणि पहिलं सगळं वर्ष त्यातच जातं. घाई करणारे लोक सहाव्या महिन्यातच पिल्लू सशामागे सोडतात, ते मला अजिबात पटत नाही. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, कच्ची असतात, आणि ससा पळताना गर्रकन वळतो, त्याच्यामागे तसंच वळताना पिल्लाच्या खांद्यावर, मनगटावर जो ताण येतो तो आयुष्यभराचा लंगडेपणा देऊन जाऊ शकतो.

वस्तू आणून द्यायला शिकवतात ते मात्र नीट बघा. हे मैदानात नाही, घराच्या अरुंद पॅसेजमधे चाललंय. सगळी दारं बंद. मालक खाली बसलाय, त्याने सशाचं वाळवलेलं कातडं गुंडाळलेला एक मऊ रोल पुढे टाकला, ती गेली, उचलला, आणि आता तिला मालकाकडे येण्याशिवाय दुसरी वाटच नाही. ती आली. तो रोल ओढून घेत नाहीये बघा, आधी मानेखाली खाजवतोय, छातीवर हात फिरवतोय, रोल तिच्या तोंडातच आहे, मग कुठे हळूच हात खाली धरला आणि तिने सोडला. लगेच हिसकावलं असतं तर पुढच्या वेळी ती लांबच उभी राहिली असती, किंवा दात घट्ट रोवले असते, आणि पुढे रानात तिने ससा जिवंत, न चावता आणून द्यायचाय. दोन-तीनदा झालं की बंद, कंटाळा यायच्या आत.

उडी मारणंही घरातूनच सुरू होतं, दारात आडवी फळी लावायची, आधी घोट्याएवढी, मग हळूहळू वर. काटेरी तारेवर कुत्रा कधीच सोडायचा नाही, यांची कातडी इतकी पातळ असते की तारेने कापडासारखी फाटते.

मेंढ्यांचं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. लहानपणापासून लीशवर मेंढ्यांमधून रोज चालवायचं, बघितलं की नाही म्हणायचं, दुर्लक्ष केलं की शाबासकी, अशी सवय लागते की मेंढ्यांकडे ती मान वळवूनही बघत नाही. कारण मेंढ्यांमागे लागणाऱ्या कुत्र्याच्या मालकावर १९५३ च्या कायद्याने केस होते, आणि कळप वाचवायला दुसरा मार्ग नसेल तर शेतकरी कुत्र्याला गोळीही घालू शकतो. म्हणून या सवयीत अजिबात ढिलाई करायची नाही.

फेरेटशी ओळखही पिल्लूपणीच करून देतात. फेरेट म्हणजे पाळलेला, मुंगसाएवढा लांबुळका प्राणी, त्याला बिळात सोडलं की ससे दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात आणि तिथे लावलेल्या जाळीत अडकतात. लर्चरचं काम आधी बीळ हुंगून आत ससा आहे की नाही सांगायचं, मग गप्प उभं राहायचं, आणि जाळीतून निसटला तर तोच पकडायचा. फेरेट बाहेर आला तर त्याला हातही नाही लावायचा. हे काम थंडीत चालतं, साधारण ऑक्टोबर ते मार्च, तेव्हा झाडोरा वाळलेला असतो आणि बिळांची तोंडं दिसतात.

रात्रीची लॅम्पवरची शिकार, म्हणजे दिव्याच्या झोतात ससा शोधून त्याच्यामागे कुत्रा सोडणं, एक वर्षाच्या आत नाहीच. अंधारी, वारा सुटलेली रात्र लागते, म्हणजे सशाला चाहूल लागत नाही. पहिले ससे सोपे निवडायचे, बिळापासून लांब बसलेले, उजेडात दबून राहिलेले. पिल्लू सारखं हरत राहिलं की हताश होऊन पळताना भुंकायला लागतं, आणि एकदा ही खोड लागली की जात नाही, सगळं रान जागं होतं. मोठ्या कुत्र्याच्या जोडीला सोडल्यावरही असंच होतं, ईर्ष्येने भुंकतात. म्हणून एकटीच सोडायची, दोन-तीन धावा झाल्या की घरी.

घरी आल्यावर आधी पंजे. बोटांमधे काटे, तुटलेली नखं, पंजाच्या गादीला चीर, सगळं टॉर्चखाली बघायचं, कोमट पाण्याने धुवायचं, अंग पुसून कोट घालायचा कारण अंगावर चरबी नसल्याने ही कुत्री पटकन गारठतात, आणि धाप पूर्ण बसल्यावरच खायला द्यायचं. पूर्ण रात्रभराचं काम दुसऱ्या हिवाळ्यात, तोवर ती दीड-दोन वर्षांची झालेली असेल.