कोनोतोपची मतं

(दृश्य: कोनोतोप जंक्शन, रुळांचं जाळं, धुक्यातली सकाळ)

युक्रेनच्या ईशान्येला, सुमी प्रांतातलं कोनोतोप. रेल्वेचं गाव. १९९०च्या दशकात इथं घरोघरी एकच विषय होता, थकलेला पगार. कामावर हजेरी लागायची, पण कित्येक महिने हातात पैसा पडायचा नाही. म्हाताऱ्यांची पेन्शन अडकलेली. सोव्हिएत काळात पैपै करून साठवलेली पुंजी महागाईनं गिळून टाकली होती.

या गावानं नताल्या वित्रेन्को यांना संसदेत पाठवलं. त्या अर्थतज्ज्ञ होत्या, बोलायला फटकळ, आणि सभेत लोकांच्या मनातलं थेट बोलणाऱ्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कर्जं आणि त्यांच्या अटी यांनीच देश बुडवला, असं त्या सांगायच्या. विरोधक त्यांना ‘कोनोतोपची चेटकीण’ म्हणायचे. एका जुन्या, गाजलेल्या युक्रेनियन कथेतलं ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आधी त्या ओलेक्सांद्र मोरोझ यांच्या समाजवादी पक्षात होत्या. नेतृत्व डाव्या मार्गावरून घसरलंय, असं म्हणत त्यांनी आणि व्होलोदिमिर मार्चेन्को यांनी १९९६ मध्ये वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं, युक्रेनचा प्रागतिक समाजवादी पक्ष.

(दृश्य: मतपेट्या, मतमोजणी)

१९९८. संसदेत पक्षाच्या यादीतून जागा मिळवायला देशभरात किमान ४ टक्के मतं लागायची. दोन वर्षांच्या या पक्षानं तो उंबरठा जेमतेम ओलांडला आणि १४ जागा पदरात पाडून घेतल्या. सर्वाधिक साथ मिळाली ती सुमी प्रांतात.

पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. सुधारणावाद्यांना युरेनियमच्या खाणीत पाठवू, असं वित्रेन्को सांगत होत्या आणि गर्दी टाळ्या वाजवत होती. ती गर्दी मूर्ख नव्हती. वर्षानुवर्षं फसवली गेलेली माणसं होती ती, आणि त्यांचा राग खरा होता. तो समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही.

२ ऑक्टोबर १९९९. क्रिवी रिहजवळ, इन्हुलेत्सला सभा संपवून वित्रेन्को बाहेर पडत होत्या. तेवढ्यात गर्दीत हातबॉम्ब फुटले. त्या स्वतः जखमी झाल्या, आसपासची तिसेक माणसंही. संशय गेला याच निवडणुकीत उभे असलेल्या मोरोझ यांच्या प्रचारातल्या एका स्थानिक कार्यकर्त्यावर, आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. आपला काही संबंध नाही, असं मोरोझ शेवटपर्यंत सांगत राहिले. पण निवडणुकीच्या तोंडावर त्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

निकाल लागला. मोरोझ ११.२९ टक्के, वित्रेन्को १०.९७. एकेकाळी एकाच पक्षात असलेले दोघं तिसऱ्या-चौथ्या जागेवर. दोघांची मतं एकत्र केली, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या कम्युनिस्ट उमेदवारालाही तोडीस तोड ठरली असती. फायदा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांचा झाला. डाव्यांची मतं फोडायला वित्रेन्कोंना सत्तेचीच फूस होती, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे.

इथून उतार लागला. २००२ मध्ये उंबरठा हुकला. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी जेमतेम दीड टक्का मतं. आता भाषणात पगार मागे पडला होता आणि रशिया, बेलारूसबरोबर एकजुटीची भाषा पुढे आली होती. २००६ मध्ये उंबरठा ३ टक्क्यांवर आला, आणि वित्रेन्कोंच्या आघाडीला मिळाली २.९३. हातातोंडाशी आलेला घास. मतं चोरली, फेरमोजणी करा, म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं, पण संसदेचं दार उघडलं नाही. २००७ मध्ये तर दीड टक्काही गाठता आला नाही. मला विचाराल तर या पक्षाची मोठी चूक हीच. ज्यांच्या रिकाम्या खिशावर तो उभा राहिला, त्यांचं बोलणं सोडून तो मॉस्कोचं बोलू लागला.

(दृश्य: फेब्रुवारी २०२२, बर्फाळ रस्ता, रणगाडे)

रशियन फौजा कोनोतोपला येऊन भिडल्या. गावातल्या एका बाईचा व्हिडिओ देशभर फिरला. रणगाड्यावरच्या सैनिकांना ती सुनावत होती, हे कोनोतोप आहे, इथली दर दुसरी बाई चेटकीण आहे. मार्चच्या सुरुवातीला महापौरांनी चौकात लोकांना विचारलं, शरण जायचं की लढायचं? गाव तोफांनी उडवू, अशी धमकी आलेली होती. लोक म्हणाले, लढायचं. एकेकाळी वित्रेन्कोंना भरभरून मतं देणारं हेच ते गाव.

२० मार्चला राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी रशियाशी संबंध असलेल्या ११ पक्षांचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. यादीत वित्रेन्कोंचा पक्ष होता, आणि ज्यातून तो फुटला तो समाजवादी पक्षही. मोरोझ त्यातून केव्हाच बाहेर पडले होते. मे महिन्यात नवा कायदा झाला, पक्षबंदीचे खटले लव्हिवच्या अपिली प्रशासकीय न्यायालयाकडे गेले. जूनमध्ये दोन्ही पक्षांवर बंदीचा निकाल लागला. प्रागतिक समाजवाद्यांचा निकाल २३ जूनचा. पक्षाची मालमत्ता सरकारजमा.

वित्रेन्कोंच्या पक्षानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबरमध्ये तेही अपील फेटाळलं गेलं.

(दृश्य: कोनोतोप जंक्शन, गाडी सुटते)