रेशमावरचं दाजीपूर

[दृश्य: लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं पांढरं रेशीम. बाहेर पाऊस.]

रेशमावर चित्रं रंगवणाऱ्या ताईंनी ब्रशचं टोक नुसतं टेकवलं आणि हिरवा रंग आपल्या वाटेनं निघाला. धाग्याधाग्यातून पुढं सरकत एका बारीक रेघेपाशी येऊन थबकला.

ही रेघ गुट्ट्याची, म्हणजे रंग अडवणाऱ्या चिकट द्रवाची. मलाया आणि इंडोनेशियाच्या पावसाळी जंगलांतल्या गुट्टा-पर्चा झाडाच्या चिकावरून हे नाव पडलं. इथं वापरलाय तो पाण्यानं धुतला जाणारा. उसाच्या सरीला बांध घालावा तसा तो रंगाला अडवतो. रेघ सुईच्या टोकाएवढी तुटली, तरी हिरवा निळ्यात शिरलाच! फ्रेंच लोक या पद्धतीला ‘सेर्ती’ म्हणतात, म्हणजे कोंदणात बसवलेलं. मला हे नाव फार आवडतं.

[दृश्य: रंकाळ्याचा काठ, ढगाळ सकाळ.]

कापडावर चित्र रंगवणं कोल्हापूरला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवले. त्यातले बाबूराव पुढं बाबूराव पेंटर म्हणून गाजले. त्यांच्याही आधी आबालाल रहिमान याच रंकाळ्याच्या काठी बसून पाणी आणि प्रकाश रंगवत होते. 1931 साली ते गेले. या गावानं निसर्गाकडं बघायची नजर त्यांच्याकडून घेतली, असं मी मानतो.

ताईंचं रेशीम मात्र पश्चिमेकडं बघतं. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाकडं. 1958 पासूनचं हे अभयारण्य. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हेही आहे. लोक तिथं गवे बघायला जातात. ताई जातात ओलं पान बघायला. नेच्याची गुंडाळलेली कोवळी टोकं, शेवाळलेली खोडं, सात वर्षांनी फुलणारी कारवी. आणि नीलवंत, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवर फिकट निळा, त्यावर काळे ठिपके.

तो निळा कागदावर येत नाही, असं त्या सांगतात. कागदावर रंग बसून राहतो. रेशमाचा धागा छेदात बराचसा त्रिकोणी, त्यामुळं उजेड त्याच्यावर लोलकासारखा खेळतो. कापड जरा हललं की निळा उजळतो.

[दृश्य: ओल्या रंगावर जाड्या मिठाचे खडे पडतात.]

आता मीठ. प्रत्येक खडा भोवतालचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि कापडावर फांद्या फुटल्यागत नक्षी उमटते. शेवाळ असंच रंगवायचं.

“थांब की जरा, हात लावू नकोस. मी बी लावत न्हाई,” ताई म्हणतात.

इथं खोडरबर नाही आणि पांढरा रंगही नाही. जिथं पांढरं हवं, तिथलं रेशीम कोरं सोडायचं. ते सगळं आधीच ठरवावं लागतं. जुलैत तर हवाच इतकी ओली, की गुट्टा वाळता वाळत नाही आणि रंग कोरड्या दिवसांपेक्षा लांब धावतो. ताई तरी पावसाळ्यातच रंगवतात. ओल्या जंगलाचं चित्र ओल्या हवेत, हे मला त्यांचं सगळ्यात पटलेलं म्हणणं. असं चित्र ओढणी म्हणून घडी घालून ठेवू नये. भिंतीवर लावावं, समोर खुर्ची टाकून बसावं.

[दृश्य: उंच पातेलं, कडेनं वाफ.]

रंग पक्का होतो तो वाफेनं. रेशीम कोऱ्या कागदात गुंडाळून तास-दोन तास वाफवायचं. उकडीच्या मोदकांसारखंच, पाणी खाली आणि वाफ वर. झाकणावरचा एक थेंब आत पडला की डाग. वाफेच्या उष्णतेनं रंग रेशमाच्या प्रथिनाशी जोडला जातो.

[दृश्य: बादलीतलं पाणी. ताईंचे हात.]

सगळं रेशीम पाण्यात बुडवताना माझा जीव वरखाली झाला. थोडा जास्तीचा निळा पाण्यात उतरला. गुट्टाही विरघळून गेला. ताईंनी कापड उजेडात धरलं. नेच्याच्या पानापानावर, रेघ होती तिथं, आता कोरं रेशीम पांढरं दिसत होतं.