निवृत्त मानसशास्त्रज्ञ पुन्हा वर्गात येतो तेव्हा

[दृश्य : टेबल, स्टॉपवॉच. समोरासमोर दोन प्रशिक्षणार्थी. थोड्या अंतरावर तिसऱ्या खुर्चीत निवृत्त मानसशास्त्रज्ञ.]

"पाच-आठ, दोन-नऊ, सहा-एक."

समोरच्याने सहाही अंक बिनचूक परत म्हटले. तिसऱ्या खुर्चीतून एवढंच आलं : "जोड्या लावू नकोस."

अंक लक्षात ठेवण्याच्या चाचणीत सेकंदाला एक या वेगाने, सपाट आवाजात वाचायचं असतं. शेवटच्या अंकावर सूर किंचित उतरतो, म्हणजे यादी संपली हे ऐकणाऱ्याला कळतं. इथे ते फोन नंबर सांगावा तसे दोन-दोन करून गेले. सहा सुटे अंक धरून ठेवण्याऐवजी समोरच्याला तीन गठ्ठे मिळाले, आणि गुण फुकट वाढले. नियम पुस्तिकेत छापलेला असतो, प्रशिक्षणार्थीने तो वाचलेलाही असतो. पण स्वतःची लय स्वतःला ऐकू येत नाही. त्यासाठी बाजूला कोणीतरी बसावं लागतं, आणि नोकरीत असलेल्यांना तेवढी सवड क्वचितच असते.

[दृश्य : फायलींचं कपाट, कुलूप.]

या खुर्चीपर्यंतचा रस्ता लांबचा. पदव्युत्तर शिक्षण, मग देखरेखीखाली ठरावीक तास काम, मग नोंदणी किंवा परवाना. तपशील देशागणिक बदलतात. पुढे तीस-पस्तीस वर्षं मुलाखती, चाचण्या, अहवाल. निवृत्तीही एका दिवसात होत नाही. चालू उपचारातल्या लोकांना काही महिने आधी सांगायचं, ज्यांचं काम संपणार नाही त्यांना दुसऱ्याकडे सोपवायचं, नोंदी कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत कुलपात ठेवायच्या.

परवाना सोडला की उपचार थांबतात, शिकवणं थांबत नाही. आणि नेमका इथेच पाय घसरतो. तासानंतर एखादा विद्यार्थी स्वतःचं दुखणं घेऊन थांबतो आणि जुनी सवय खुर्ची पुढे ओढते. ज्याला गुण द्यायचे त्याच्यावरच उपचार करायचे नसतात. ऐकून घ्यावं, योग्य माणसाकडे पाठवावं, त्याच दिवशी.

[दृश्य : पिवळ्या पडलेल्या टिपणवह्या.]

सगळ्यात मोठा धोका मात्र या वह्यांत आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० ची, चौथी १९९४ ची, पाचवी २०१३ ची. पाचव्या आवृत्तीत स्किझोफ्रेनियाचे जुने उपप्रकार गेले, अॅस्पर्गर (स्वमग्नतेचा सौम्य मानला जाणारा प्रकार) हे स्वतंत्र निदानही गेलं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष पुन्हा मिळाला. वर्षानुवर्षं वर्गात रंगवून सांगितलेले काही प्रयोग आता जपूनच सांगावे लागतात.

बुद्धिमापनातही तेच. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकात सुमारे तीन अंकांनी चढत गेले. म्हणून वीस वर्षं जुनी मानके (तुलनेसाठीची सरासरी) वापरली तर बुद्ध्यांक पाच-सहा अंकांनी फुगलेला दिसू शकतो. बौद्धिक अक्षमतेच्या, म्हणजे सुमारे ७० च्या सीमारेषेवरच्या मुलाची मदत तेवढ्या फरकाने हुकते. तेव्हा पहिलं काम वह्या चाळण्याचं : प्रत्येक पानावर स्रोताचं वर्ष लिहायचं, ज्याचं वर्ष सापडत नाही ते पान बाजूला. टाकवत नाही, तरीही.

[दृश्य : निवृत्त मानसशास्त्रज्ञ एखादं नाव आठवताना थबकतात.]

शिकवणाऱ्याचंही वय होतंच. शब्दसंपत्ती बराच काळ टिकते, वेग आधी मंदावतो, आणि विशेषनामं ऐन वेळी दगा देतात. हार्वर्डमधून १९७४ मध्ये निवृत्त झालेले वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९८२ च्या एका व्याख्यानात यावर अगदी घरगुती उपाय सांगितला होता. पाऊस येणार असं ऐकलं की छत्री त्याच क्षणी दाराच्या मुठीला अडकवा. निघताना आठवेल या भरवशावर राहू नका. वर्गातही हेच चालतं. नावं, वर्षं एका कार्डावर, ठळक अक्षरांत, डोळ्यांसमोर. वाक्यं लहान, म्हणजे मध्येच आडवाटेला गेलं तरी परतता येतं. स्किनर यांनी शेवटचं भाषण १० ऑगस्ट १९९० ला केलं. आठ दिवसांनी ते गेले.

वार्धक्याचे अभ्यासक, जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस म्हातारपणाबद्दल बोलताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला देत. उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच सराव जास्त करत, आणि द्रुत भागाआधी मुद्दाम संथ होत, म्हणजे पुढचा वेग वेगच वाटे. शिक्षकाने हे जसंच्या तसं उचलावं. आठवड्याला चार विषयांऐवजी एक, आणि तासभर भाषणाऐवजी पर्यवेक्षण.

[दृश्य : हेडफोन, लॅपटॉप.]

पर्यवेक्षणाची रीत अशी. उपचार घेणाऱ्याची लेखी संमती घेऊन सत्राचं ध्वनिमुद्रण करायचं. ५० मिनिटं सगळी ऐकत बसायचं नाही. जिथे आपण अडकलो ती पाच मिनिटं प्रशिक्षणार्थी स्वतः निवडतो. आधी तो बोलतो. मग एकच दुरुस्ती. सात दाखवल्या तर एकही टिकत नाही.

हमखास सापडणारी चूक म्हणजे जोडप्रश्न : "झोप आणि भूक कशी आहे?" समोरचा म्हणतो, "बरी आहे." कोणती बरी, ते कळत नाही, आणि अहवालात दोन्ही बऱ्या होतात. दुसरी चूक, शांततेला घाबरणं. तीन सेकंद झाले की विद्यार्थी पुढचा प्रश्न टाकतो, नेमकं तेव्हाच समोरचा तोंड उघडणार असतो.

पुढच्या भेटीची सुरुवात उजळणीने नको, कोऱ्या कागदाने. मागच्या वेळचं आठवून लिहायचं. स्मृतीचे अभ्यासक रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे.

[दृश्य : पुन्हा तेच टेबल. आता मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टोले देणारं यंत्र.]

मेट्रोनोम ६० वर, म्हणजे सेकंदाला एक टोला. प्रत्येक टोल्याला एक अंक, अशा दहा ओळी, स्वतःचं मुद्रण स्वतः ऐकत. मग मेट्रोनोम बंद.

"चार... नऊ... दोन... सात... तीन... आठ."

समोरच्याला या वेळी पाचच आठवले. तिसऱ्या खुर्चीतून मान हलली, पुढची ओळ.