शेवटच्या बाकापर्यंत

[दृश्य: रविवारची सकाळ. दगडी देवालयाचा रिकामा अंतर्भाग, उंच छत, लाकडी बाकांच्या रांगा.]

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपले काम सुरू केले. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात जी दगडी देवालये, म्हणजे चर्च, उभी राहिली, ती विजेच्या आणि माईकच्या आधीच्या जगासाठी बांधलेली होती. उंच छत, घडीव दगडाच्या भिंती आणि फरशीची जमीन यांमुळे मंडळीचे, म्हणजे जमलेल्या उपासकांचे, गायन येथे भरून येते. परंतु त्याच भिंती बोललेला शब्दही धरून ठेवतात. पाळकांच्या एका शब्दाचा नाद विरण्याआधीच पुढचा शब्द येऊन त्यावर आदळतो, आणि मागच्या बाकांवर आवाज भरपूर पोहोचत असूनही वचन मात्र नीट कळत नाही.

या अडचणीचा शास्त्रशुद्ध उलगडा प्रथम एका विद्यापीठात झाला. 1895 साली हार्वर्डमधील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच समजेना, तेव्हा त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्या खोलीत उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणून मांडल्या, रात्रीच्या शांततेत मोजमापे घेतली, आणि खोलीचे आकारमान व तिच्यातील आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवर हा रेंगाळणारा नाद कसा अवलंबून असतो, हे दाखवून दिले. माणसे आणि त्यांचे कपडे हेसुद्धा आवाज शोषतात. म्हणूनच उपासनेपूर्वी रिकाम्या देवालयात बसवलेला आवाज बाक भरल्यावर तसाच राहत नाही, आणि मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाला पहिल्या गीताच्या वेळी सगळे पुन्हा ऐकून पाहावे लागते.

[दृश्य: खांबावर बसवलेला कॉलम स्पीकर, त्याचा रोख बाकांकडे.]

शब्द कळत नाही म्हटले की हात आधी व्हॉल्यूमकडे जातो. त्याने काम भागत नाही, कारण आवाज जितका वाढवावा तितकाच भिंतींवरून परतणारा नादही वाढतो. खरा उपाय स्पीकरच्या जागेत आणि दिशेत आहे. उंच, अरुंद कॉलम स्पीकर आपला आवाज वर-खाली फारसा पसरू देत नाही. तो थोडा खाली झुकवून बसवला, तर आवाज छताऐवजी माणसांवर पडतो. लांब देवालयात मधल्या खांबांवर आणखी एक जोडी लावावी लागते, आणि येथे वेळेचा हिशेब येतो. आवाजाला 20 मीटर अंतर कापायला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात, तर तारेतून जाणारा विद्युत संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. त्यामुळे मागचे स्पीकर तेवढे उशिरा वाजवावे लागतात. त्यात आणखी 10 ते 15 मिलिसेकंद मिळवले, तर शेजारचा स्पीकर वाजत असूनही आवाज समोरच्या व्यासपीठावरूनच येतो आहे असे कानाला वाटते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली अभ्यासलेला हा परिणाम आज साध्या डिजिटल मिक्सरमध्येही वापरता येतो.

[दृश्य: शास्त्रवाचनाचे स्टँड. एक लहान मुलगी बायबल उघडते. ऑपरेटर पुढे येऊन माईकची लवचीक मान खाली वळवतो.]

शास्त्रपाठ वाचायला एका रविवारी संडे स्कूलची मुलगी येते, तर दुसऱ्या रविवारी सत्तरी ओलांडलेले आजोबा. माईक तोंडापासून एक वीत अंतरावर असावा. ते अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने घटतो, आणि ती घट भरून काढायला गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी) वाढवला की माईक शिट्टी मारू लागतो. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि हे चक्र वाढत जाते, हे त्या शिट्टीचे कारण. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक साधारण 3 डेसिबलने कमी होते. तेव्हा वचन वाचले जात असताना गायनवृंदाचे माईक बंदच ठेवले पाहिजेत. माईकची जाळी मुठीत धरण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण मागून येणारा आवाज टाळण्याची त्याची क्षमता त्यामुळे नाहीशी होते. हे वाचकांना रविवारी सर्वांदेखत सांगण्यापेक्षा शनिवारच्या सरावात प्रेमाने सांगावे.

मराठीत ख, थ, फ, भ ही हवा सोडणारी अक्षरे पावलोपावली येतात, आणि माईक अगदी ओठांसमोर असला की ‘प्रभू’ म्हणतानाही स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. माईक किंचित बाजूला ठेवल्यास तो टळतो. मिक्सरवर आवाजातील 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) खालचा भाग काढून टाकावा, 200 ते 400 हर्ट्झमधील घुमारा थोडा उतरवावा. स, श, च यांची धार त्याहून बऱ्याच वर असते आणि शब्दाची ओळख बरीचशी तिच्यावरच टिकून असते.

[दृश्य: पेटी, तबला-डग्गा आणि झांजा. भजन सुरू होते.]

मराठी मंडळीच्या उपासनेत भजनाचे स्थान मोठे आहे. पेटीचा माईक भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेचा फुसफुसाट येतो, म्हणून तो सुरांच्या बाजूला वरून झुकवावा. डग्ग्याची घुमक दगडी इमारतीत आपोआप फुगते. ती कमी ठेवून चाटीचा बोल स्पष्ट राहू दिला, तरच ठेका धरता येतो. झांजेला माईकची गरज नाही, ती तबल्याच्या माईकमध्येही पुरेशी येते.

मात्र या सगळ्यापेक्षा मंडळीचा स्वतःचा आवाज मला मोलाचा वाटतो. गायनवृंद इतका मोठा वाजवला की बाकांवरच्या माणसाला शेजाऱ्याचा सूर ऐकू येत नाही, आणि हळूहळू तो गाणेच सोडतो, श्रोता होऊन बसतो. जाणकार ऑपरेटर धृपदापुरता आधार देतो, आणि मंडळीने चाल उचलली की गायनवृंदाचे फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकती बटणे, बोटभर खाली घेतो.

[दृश्य: नाताळची रोषणाई. देवालयाच्या आवारातील मंडप.]

नाताळात आणि वर्षअखेरच्या रात्री गर्दी आवारात मावेनाशी होते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्या दिवसांची यादी आधी पाहून मंडपातील स्पीकरची वेळ ठरवावी, आणि बाहेरची जोडणी आतल्यापासून वेगळी ठेवावी, म्हणजे ती बंद केल्यावरही आतील उपासना खंडित होत नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर उपासनेचे थेट प्रक्षेपण.]

आजारपणामुळे घरी असलेले आणि नोकरीसाठी आखातात गेलेले सभासद हीच उपासना मोबाइलवर पाहतात. सभागृहासाठीचा मिश्र आवाज त्यांना तसाच पाठवला, तर पाळक ऐकू येतात पण मंडळी ऐकूच येत नाही, कारण तिच्यासमोर माईक नसतो. त्यासाठी एक वेगळा माईक बाकांच्या वर टांगावा आणि तो केवळ प्रक्षेपणाला जोडावा, सभागृहातील स्पीकरला नव्हे. गीत आणि प्रभूची प्रार्थना यांच्या वेळी तो उघडावा; उपदेश सुरू होताच खाली घ्यावा, नाहीतर छताच्या पंख्यांची घरघर थेट आखातापर्यंत पोहोचते.