जाळीच्या अलीकडून

(दृश्य: सकाळचा रस्ता गाडीच्या काचेतून, मग उतारावर ट्रॅकची भिंत)

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लटहून निघालं की साधारण दीड तासात नॉर्थ विल्क्सबरो येतं. गाव छोटं, तिथला नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या कार रेसिंगचा, ट्रॅक त्याहून छोटा, एक फेरी म्हणजे 0.625 मैल, आपल्या हिशोबात जवळजवळ एक किलोमीटर. आणि नीट बघा, कॅमेरा तिरका धरलेला नाहीये, ट्रॅकच तसा आहे. समोरची बाजू उतरती, मागची चढती. 1947 साली बांधला तेव्हा जमीन सपाट करण्याइतके पैसेच नव्हते असं इथले लोक हसत हसत सांगतात.

आज मे 2025 मधला रविवार आहे, ऑल-स्टार रेस, म्हणजे निवडक ड्रायव्हरांची, पॉइंट्स नसलेली खास रेस. तंबू, शेगड्या, धूर, आणि गाड्यांपेक्षा जास्त आवाज माणसांचा. नॅस्कारमध्ये काय बदलायला हवं एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही फिरत होतो. वाटलं होतं लोक टाळतील, पण एकेकाने वीस-वीस मिनिटं सोडलं नाही, शेवटी बॅटरी संपली.

(दृश्य: 'विन्स्टन कप' लिहिलेला जुना बोर्ड)

हा बोर्ड मुद्दाम ठेवलाय. विन्स्टन कप हे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेचं जुनं नाव, ते 2003 नंतर बंदच झालं. पण या ट्रॅकचं घड्याळ त्याच्याही आधी थांबलं, 29 सप्टेंबर 1996 ला. जेफ गॉर्डन जिंकला, लोक घरी गेले, ट्रॅक आधीच विकला गेला होता आणि त्याच्या वर्षातल्या दोन रेसच्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकना वाटून टाकल्या. मग इथे गवत. मधे थोडा काळ छोट्या रेस झाल्या, त्याही थांबल्या. डिसेंबर 2019 मध्ये प्रसिद्ध ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर काही मंडळींना घेऊन गवत उपटायला आला, तेही रेस करायला नाही बरं का, कॉम्प्युटर गेमसाठी ट्रॅक लेझरने मोजून घ्यायला! म्हणजे ट्रॅक आधी स्क्रीनवर जिवंत झाला. मग लोकांनी लावून धरलं, मालक मार्कस स्मिथने मनावर घेतलं, राज्य सरकारने कोविडनंतरच्या मदतनिधीतून 18 मिलियन डॉलर दिले, 2022 च्या ऑगस्टमध्ये स्थानिक रेस आणि मे 2023 मध्ये कपवाल्या गाड्या परत इथे. 27 वर्षांनी.

ती 2023 ची रेस मात्र, खरं सांगायचं तर, काही खास झाली नाही. काइल लार्सन 200 पैकी 145 फेऱ्या पुढे होता. पण ते कुणाला आठवत नाही, लोकांना आठवतं ते डांबर.

(दृश्य: काका, काळी टोपी, आकडा 3)

हे काका म्हणतात, डांबराला हात लावू नका. जुनं डांबर 1981 चं होतं, खडी वर आलेली, टायर खायचं. टायर झिजला की गाडी घसरते, घसरली की ड्रायव्हरचं कौशल्य दिसतं. नव्या गुळगुळीत रस्त्यावर सगळेच शहाणे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ज्यांना विचारलं त्यातले बहुतेक हेच बोलले, कुणी डार्लिंग्टनच्या ट्रॅकचं नाव घेतलं, कुणी जुन्या अटलांटाच्या. पण इथलं डांबर उखडायला लागलं होतं हेही खरं, 2024 च्या रेसआधी नवं टाकलं. काकांना ते अजून पटलेलं नाही.

आणि दुसरी मागणी, इंजिनची ताकद वाढवा. 2022 पासून सगळ्या टीमना नेक्स्ट जेन नावाची नवी गाडी आली, रुंद टायर, मोठे ब्रेक, आणि छोट्या ट्रॅकवर 670 हॉर्सपॉवर. त्यामुळे पुढच्याला गाठता येतं, ओलांडता येत नाही. एक मुलगी तर म्हणाली की हायवेवर ट्रकच्या मागे अडकल्यासारखं वाटतं.

(दृश्य: भिंतीचा क्लोजअप, टायरचे काळे फराटे)

आता या भिंतीकडे बघा. दिसायला साधी, पण ही ट्रॅकवरची सगळ्यात हुशार वस्तू. बाहेरून चौकोनी पोलादी नळ्या एकावर एक जोडलेल्या, त्यांच्या मागे फोमचे ठोकळे, आणि त्याच्या मागे खरी काँक्रीटची भिंत. गाडी आदळली की पोलाद मागे सरकतं, फोम चेपतो, धक्का क्षणभर लांबतो, आणि तो क्षणच माणसाला वाचवतो. नाव सेफर बॅरियर. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांच्या टीमने बनवली. ही मंडळी मुळात हायवेच्या कडेचे कठडे बनवणारी! पहिल्यांदा बसवली मे 2002 मध्ये इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर.

आणि हा स्थानिक रेसर, चेहरा दाखवू नका म्हणाला. खांद्यावर ही जी कडक कॉलर दिसते ना, हेल्मेटला पट्ट्यांनी बांधलेली, तिचं नाव हान्स. रॉबर्ट हबर्ड हे बायोमेकॅनिक्सचे प्रोफेसर आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग हे स्वतः रेसर, दोघांनी मिळून 1980 च्या दशकात केली. गाडी थांबते, पट्ट्यांनी धड थांबतं, पण डोकं पुढे जात राहतं, ते ही धरून ठेवते. बनवली होती, मिळत होती, पण बरेच ड्रायव्हर घालायचे नाहीत, अवघडल्यासारखं होतं म्हणून.

2000 सालात ॲडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर हे तीन ड्रायव्हर गेले. मग 18 फेब्रुवारी 2001, डेटोनाचा ट्रॅक, शेवटची फेरी, डेल अर्नहार्ट, म्हणजे ज्युनियरचे वडील, तेही गेले. ती क्लिप आम्ही दाखवत नाही, हक्कही नाहीत आणि इच्छाही नाही. ऑक्टोबर 2001 मध्ये मान धरणारं साधन सक्तीचं झालं.

(दृश्य: आतल्या बाजूची भिंत, कॅमेरा हळूहळू पुढे)

लोकांचा प्रश्न एवढाच होता की ही भिंत सगळीकडे का नाही? वर्षानुवर्षं विचारत होते. बाहेरच्या बाजूला लावली, आत कित्येक ठिकाणी उघडं काँक्रीट तसंच. 2013 मध्ये ड्रायव्हर डेनी हॅमलिन फोंटानाच्या ट्रॅकवर आतल्या भिंतीवर गेला, पाठीचा मणका मोडला. फेब्रुवारी 2015 मध्ये काइल बुश डेटोनाला, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं. मग डेटोनाने सांगितलं की आता इंच न इंच झाकू.

(दृश्य: जाळी, तिच्यापलीकडून गाड्या)

ही जाळी आपल्यासाठी, म्हणजे बघणाऱ्यांसाठी. 2013 मध्ये डेटोनाला लार्सनची गाडी जाळीत गेली, किमान 28 प्रेक्षक जखमी. क्रिकेटला पुढची सीट भारी, इथे उलटं, अनुभवी माणूस सगळ्यात वर बसतो, अख्खा ट्रॅक दिसतो आणि जाळीपासून लांबही. खाली नवखे, आमच्यासारखे.

(दृश्य: कानात हेडफोन, कंबरेला स्कॅनर)

हे डबडं म्हणजे स्कॅनर. ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं थेट ऐकायचं, शिव्यांसकट. काकांकडे स्वतःचा आहे, भाड्यानेही मिळतो. घरी टीव्हीवर यातलं किती ऐकवतात असं विचारलं तर सगळे एकदम बोलायला लागले, आवाज नीट रेकॉर्डच झाला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. क्रिकेटमध्ये ओव्हर संपते, जाहिरात येते, काही चुकत नाही. इथे गाड्या थांबतच नाहीत, म्हणजे प्रत्येक जाहिरात रेस कापूनच येते. आणि रेस दाखवतात तेव्हा कॅमेरा एकाच गाडीला चिकटलेला, मागे चौघं एकमेकांशी झुंजतायत ते दिसतच नाही. लांबून दाखवा, जरा मोकळं दाखवा, एवढंच मागणं. 1979 ची डेटोना 500 पहिल्यांदा अमेरिकाभर पूर्ण लाइव्ह दाखवली, बाहेर बर्फ पडत होता, लोक घरात अडकलेले, आणि शेवटी ट्रॅकवर मारामारी! त्या दिवशी हा खेळ घराघरात गेला. टीव्हीनेच तर वाढवला याला.

(दृश्य: शार्लट, रात्रीचे दिवे, मग आमच्या हॉलमधला टीव्ही)

पुढच्या रविवारी 600 मैलांची कोका-कोला रेस. मी ट्रॅकवर, माझा जोडीदार घरी प्राइमसमोर, कारण ही रेस पहिल्यांदाच प्राइमवर होती. रॉस चास्टेन शेवटून, 40व्या नंबरवरून निघाला आणि जिंकला, मग नेहमीसारखं कलिंगड आपटून फोडलं. घरी मात्र खरी गंमत त्यानंतर झाली, रेस संपल्यावर तासभर गप्पा, मुलाखती, कुणी घाईत गाशा गुंडाळला नाही. जोडीदाराचा मेसेज आला, अजून चालूच आहे!

(दृश्य: रिकामा ट्रॅक, ड्रोन)

आम्ही हे एडिट करत होतो तेव्हा दोन बातम्या आल्या. जुलै 2026 मध्ये नॉर्थ विल्क्सबरोला पॉइंट्सची, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये धरली जाणारी, कप रेस, 1996 नंतर पहिली. आणि 2026 पासून दीड मैलापेक्षा छोट्या ट्रॅकवर 750 हॉर्सपॉवर. काकांना फोन लावला, अभिनंदन म्हटलं.

"आम्ही 900 मागितले होते," काका म्हणाले.