थोड्या पैशांत मुलांसाठी भेट

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाचा वाढदिवस जवळ आला की आईवडिलांच्या डोक्यात दोन हिशेब एकदम सुरू होतात, एक हौसेचा आणि दुसरा महिन्याच्या खर्चाचा. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो खरं, पण दुकानात उभं राहिल्यावर मोल विचारावंच लागतं. किंमत पाहून हातातलं खेळणं गुपचूप जागेवर ठेवताना पोटात कसं कालवतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याशीच आज मला बोलायचं आहे. बेत ठरवताना किमतीच्या आधी एक गोष्ट पाहा: ही वस्तू मूल किती दिवस हातात घेईल आणि तिचं स्वतःच्या डोक्याने काय काय करेल?

बटण दाबलं की दिवे लागतात, गाणं वाजतं, अशा गाडीचंच उदाहरण घ्या. सगळं गाडीच करते, मुलाने करायचं उरतं ते फक्त बटण दाबणं. अशा खेळण्याचे नव्याचे नऊ दिवससुद्धा पुरे होत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या घरीच खेळत होत्या, आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. आवाज करणारी बॅटरीची खेळणी समोर असताना पालक कमी बोलले. चित्रांचं पुस्तक हाती असताना बाळं जेवढे आवाज काढत होती, तेवढे या खेळण्यांबरोबर त्यांनी काढले नाहीत. इथे स्वस्त वस्तूच सरस ठरली. खिसा लहान असलेल्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

साधी खेळणी म्हणजे गरिबाची तडजोड, असं मनात आणू नका. जर्मनीतल्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, पुढे तिलाच किंडरगार्टन हे नाव मिळालं. मुलांच्या हाती काय द्यायचं याचा त्यांनी क्रम लावला होता. आधी लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडाचा गोळा, ठोकळा आणि दंडगोल. त्यानंतर आठ छोट्या ठोकळ्यांचा मिळून झालेला एक मोठा ठोकळा. जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट लहानपणी याच ठोकळ्यांशी खेळले, आणि म्हातारपणीही त्यांची आठवण सांगत राहिले.

तेव्हा लहान मुलासाठी ठोकळे आणि चेंडू. त्यात फार शोधाशोध नको.

सहा-सात वर्षांपुढच्या मुलासाठी मला सर्वांत आवडणारी भेट म्हणजे भिंग. साधं, दांड्याचं, चांगल्या काचेचं. वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर ते धरायला सांगा. दुरून गुळगुळीत दिसणारा चेहरा फुटतो आणि नुसते ठिपके उरतात, आकाशी, गुलाबी, पिवळे आणि काळे. चार शाईंमधून सगळे रंग कसे निघतात हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग ते भिंग घेऊन घरभर हिंडतं: मिठाचे दाणे, मुंगीचे पाय, स्वतःच्या बोटांवरच्या रेषा, आजोबांच्या हातावरची कातडी. बरोबर एक कोरी वही आणि पेन्सिल दिलीत, तर पाहिलेलं काढूनही ठेवेल. फक्त भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, आणि उन्हात ते तसंच ठेवायचं नाही, हे देतानाच बजावा.

घरी करण्यासारखं हवं असेल तर टॅनग्राम करा. जाड पुठ्ठ्याच्या चौरसाचे सात तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक तिरका चौकोन. त्यातून मांजर, होडी, घर, पळणारा माणूस, काय हवं ते जुळवता येतं. पुठ्ठ्याला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या खेळण्यांच्या राष्ट्रीय सन्मान-दालनात २००५ साली चक्क पुठ्ठ्याच्या खोक्याला स्थान मिळालं.

आता जरा कडक बोलते. पैसे वाचवा, पण सुरक्षितता सोडून नाही. ज्याचा रंग ओल्या फडक्याला लागतो, ते खेळणं फुकट मिळालं तरी नको. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं दुकानातच ओढून पाहा. खेळण्यांच्या तपासणीत साधारण ३२ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. सगळ्यात भीती बटणासारख्या चपट्या सेलची. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊच नका. लहान, ताकदवान लोहचुंबकांचंही तेच. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या आरपार एकमेकांना ओढतात. मूल असं काही गिळल्याचा नुसता संशय आला, तरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

दुसऱ्याच्या मुलाने वापरलेलं खेळणं घ्यायला काहीच हरकत नाही. हीच तपासणी करा, धुऊन पुसून द्या.

आणि ढीगभर वस्तू देण्याचा मोह आवरा. २०१८ च्या एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरातली निम्मी खेळणी महिनाभर माळ्यावर टाकून पाहा. खाली काढाल तेव्हा ती पुन्हा नवी होतात, एक पैसा न घालता.

मोठं मूल महागाचं मागेल, कारण वर्गातल्या कुणाकडे तरी ते असतं. त्याला थापा मारू नका, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून झुलवू नका. "हे आत्ता आपल्याला परवडत नाही, पण एवढ्या पैशांत काय घ्यायचं ते तू ठरव," असं सरळ सांगा. थोडं रुसेल, पण निवड त्याची असेल. भेटीसाठी उसने पैसे मात्र काढू नका.

सायकलीसारखी वस्तू खरंच गरजेची असेल, तर नातेवाइकांना आधीच फोन करा. मामा, मावशी, आत्या, सगळे काही ना काही आणणारच असतात. "यंदा वेगळं काही आणू नका, आपण मिळून तिला सायकल घेऊ, जमेल तेवढं त्यात घाला," एवढंच म्हणायचं. मागायला संकोच वाटतो, मला कळतं. पण काय आणावं या विचारात तेही असतात, आणि बहुतेकांना हे ऐकून हायसंच वाटतं. कुणी किती दिले ते मुलापुढे काढू नका. सगळ्यांची नावं एका कागदावर सारख्याच अक्षरांत लिहा आणि तो कागद हँडलला बांधून द्या.