धार बघा: आऊटबोर्डचा पाण्याचा पंप बदलताना

बसा बसा, मागच्यांनी पुढे या, वस्तू छोटी आहे. हे माझ्या हातात आहे ना, हे इंपेलर, आपण पंपाचं रबर म्हणतो, सहा पाकळ्या आहेत त्याला. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते, होड्या आत्ता वर ओढलेल्या आहेत म्हणून हे आज घेतलं, एकदा समुद्र उघडला की मालवण काय नि देवबाग काय, इंजिन खोलायला कोणाला वेळ असतो?

आऊटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतो त्या इंजिनाला, गाडीसारखा रेडिएटर नसतो. समुद्राचंच पाणी वर खेचायचं, इंजिनात फिरवायचं आणि परत सोडायचं, बस. हे रबर ज्या डबीत फिरतं तिच्या बरोबर मधोमध ते नसतं, जरा एका अंगाला असतं, त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे उघडतात तेव्हा पाणी ओढतात आणि दुसरीकडे दाबल्या जातात तेव्हा तेच पाणी वर ढकलतात. पाकळ्या डबीला सारख्या घासत असतात, मध्ये ओलावा असतो तो पाण्याचाच. म्हणून इंजिन किनाऱ्यावर कोरडं चालू करून ‘जरा आवाज बघतो’ असं कृपा करून करू नका, तेवढ्यात रबर भाजतं. आणि आपल्याकडे कर्ली नदीच्या मुखाशी वाळू किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, ओहोटीला उथळातून इंजिन मारत नेलं की तीच वाळू पंपात शिरते आणि डबी आतून खरवडून काढते. त्यामुळे आपल्या पाण्यात रबर दर वर्षी बदला, दिसायला चांगलं असलं तरी.

आता खोलायचं कसं. आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, पाण्यातला पंखा हाताने फिरवताना इंजिन चालू झालं तर बोटं जातील. गिअर इंजिनाच्या पुस्तकात सांगितलाय तिथे ठेवा, शिफ्ट रॉड म्हणजे गिअर बदलणारी सळी सोडवा, मग खालच्या पायाचे, म्हणजे पंखा असतो त्या खालच्या भागाचे बोल्ट. खाऱ्या पाण्याने ते अॅल्युमिनियममध्ये धरून बसतात, आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. काही मॉडेलला एक बोल्ट पंख्याच्या वर ट्रिम टॅबच्या, म्हणजे तिथल्या छोट्या पात्याच्या, मागे लपलेला असतो, तो राहिला तर पाय निघत नाही, आणि मग लोक हातोडा घेतात. घेऊ नका हो, तो पाय फुटला तर हंगाम गेला.

डबी उघडलीत की पाकळ्या मोजा. हे मी जीव तोडून सांगतोय. शिकाऊ असताना एका होडीचा पंप मी खोलला, दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या, मी नवीन रबर घातलं आणि दिली होडी परत. ते तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकलेले होते. दोन दिवसांनी इंजिन समुद्रात तापून बंद पडलं, होडीत बाप-लेक होते, दुसऱ्या होडीने ओढून आणलं म्हणून बरं. त्या बापाचा चेहरा मला अजून आठवतो. तुकडे कमी असले तर नळी, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप) सगळं उघडून शोधा, सापडेपर्यंत पुढचं काम नाही.

नवीन रबर साबणाच्या पाण्याने ओलं करा, शाफ्टवरची, म्हणजे रबर फिरवणाऱ्या दांड्यावरची, छोटी चावी (रबर दांड्याला धरून ठेवणारा तुकडा) जागेवर आहे ना बघा, आणि डबी खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवा म्हणजे पाकळ्या बरोबर दुमडतात. खालची प्लेट, गॅस्केट म्हणजे मधली पातळ पट्टीही बदला, चरे पडलेल्या प्लेटवर नवं रबर फुकट जातं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा पण डोक्यावर गोळा ठेवू नका, ते वर दबून पाय पूर्ण बसू देत नाही. पाय चढवताना सगळं लक्ष पाण्याच्या नळीवर, ती पंपावरच्या रबरी सीलात शिरलीच पाहिजे. बाजूला राहिली तर पंप नवा आणि इंजिन तरी तापतं, मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात.

मग ड्रममध्ये पाणी भरून चालू करा आणि इंजिनातून मागे बाहेर पडणारी पाण्याची धार बघा. जोरात, सलग हवी. थोड्या वेळाने हात धरा, कोमट लागली तर ठीक, चटका बसला किंवा धार तुटायला लागली तर लगेच बंद.

चला, ते १५ हॉर्सपॉवरचं आडवं ठेवलंय तिकडे, ट्रिम टॅबखालचा बोल्ट कोण शोधून देतो?